झिंझोटीची बिलं

सीडी वाजवायचं यंत्र यायच्या पाच महिने आधी आमच्या घरात पहिली सीडी आली. 1996चा डिसेंबर. सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रात्रभर चालायचा. पहाटेच्या गाण्यापर्यंत डोळे उघडे राहावेत म्हणून मांडवाबाहेर चहाला यायचं आणि चहाच्या निमित्तानं कॅसेटच्या स्टॉलवर घुटमळायचं, हा माझा दरवर्षीचा क्रम. त्या वर्षी कॅसेटच्या ढिगाशेजारी काचेची एक पेटी होती. आत पंधरावीस सीडी, सराफाकडे अंगठ्या मांडतात तशा, आणि पेटीला चक्क कुलूप. त्यांत अब्दुल करीम खाँसाहेबांची एक होती. मागच्या यादीत ‘पिया बिन नाही आवत चैन’ दिसलं. राग झिंझोटी. किंमत 275 रुपये. माझा पगार 4,500 आणि खाँसाहेबांची कॅसेट शेजारीच 35 रुपयांना पडलेली. तरी मी शालीखालून पाकीट काढलं. का, ते सांगायला बरंच मागं जावं लागेल.

सकाळी घरी आले तर अण्णा, म्हणजे माझे आजोबा, ओट्यावर पेपर वाचत बसले होते. वय 79. सीडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी धोतराला तळवे पुसले, मग दोन्ही हातांच्या बोटांनी तिची कड तेवढी धरली. मधल्या भागाला बोट लावलं नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे शिकवलं होतं, पण साठ वर्षांपूर्वी, आणि दुसऱ्याच वस्तूसाठी.

“हिची दुसरी बाजू?”

“एकाच बाजूला असतं, अण्णा.”

“मग अर्धी फुकट घालवली की. आणि सुई कुठं टेकते?”

“सुई नसते. उजेडाचा किरण असतो.”

त्यांनी ती उलटी केली, तीत स्वतःचा चेहरा बघितला, चष्मा सरळ केला. “आरशाला बरी आहे,” म्हणाले. “बिल आण.”

अण्णा आयुष्यभर रेल्वेत कारकून होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एका तारेला ओवून ठेवलेली बिलं होती. तळातलं एक पिवळं पडलेलं बिल त्यांनी मला वाचायला लावलं. 1937चं. एक ग्रामोफोन प्लेट, 2 रुपये 12 आणे. त्यांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी धरले. “पावणेतीन रुपये आणि पावणेतीनशे. गाणं तेच. वर दोन शून्यं चढली बघ.”

आमच्या घराण्यात गाणारं कुणी नाही. ऐकणारेच सगळे. अण्णा मिरजेचे. मिरजेत त्या काळी दोन गोष्टींसाठी लांबून माणसं येत, मिशनच्या दवाखान्यासाठी आणि तंबोऱ्यासाठी. सतारमेकरांच्या गल्लीतून शाळेला जाताना भोपळ्यांच्या राशी ओलांडाव्या लागत, असं अण्णा सांगत. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैराण्याचे, पण त्यांनी घर केलं मिरजेत. का, तर प्लेगमध्ये आजारी पडले असताना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि बरे झाले, अशी गावातली कथा. अण्णा ती सांगताना खरी-खोटी करत बसत नसत. “आमच्याकडं असंच सांगतात,” म्हणून पुढं जात. ते स्वतः एम अँड एस एम रेल्वेत नुकतेच चिकटले होते आणि खाँसाहेबांना त्यांनी बघितलं ते स्टेशनवर. मागं शिष्य, तंबोऱ्यांच्या गवसण्या, सावकाश चालणं. खाँसाहेबांनी एक कुत्रा पाळला होता, टिपू मिया नावाचा, आणि तो त्यांच्या सुरात सूर लावायचा म्हणे. ग्रामोफोनच्या डबीवर भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र दिसलं की अण्णा हटकून म्हणत, “कंपनीचा कुत्रा नुसता ऐकतो. आमच्या मिरजेचा कुत्रा गायचा.”

27 ऑक्टोबर 1937ला खाँसाहेब गेले. पाँडिचेरीला निघाले होते. मद्रासच्या पुढं सिंगपेरुमलकोईल नावाचं लहानसं स्टेशन आहे, तिथं अस्वस्थ वाटलं म्हणून गाडीतून उतरले. फलाटावर बिछाना घालायला लावला, नमाज पढले, थोडं गायले, आणि तिथंच संपले. देह मिरजेला आणला, दर्ग्याच्या आवारात दफन केला. ही हकिगत संगीताच्या पुस्तकांतून पुष्कळांनी वाचलेली असेल. मी ती एका रेल्वे कारकुनाकडून ऐकली, त्यामुळे माझ्या मनात ती वेगळ्या जागी बसली आहे. अण्णांना गायकापेक्षा त्या स्टेशनातल्या बुकिंग क्लार्कची काळजी. “एवढ्याशा स्टेशनावर रात्रपाळीला एकटा माणूस असणार. त्यानं डायरीत काय लिहिलं असेल, सांग बघू. नाव तरी माहीत असेल का त्याला?” हा प्रश्न ते दर वेळी विचारत, आणि दर वेळी नवा असल्यासारखा.

पुढच्या पगाराला अण्णा सांगलीला गेले आणि झिंझोटीची प्लेट घेऊन आले. घरात फोनो नव्हता. त्यांच्या वडिलांनी विचारलं, ही काय थाळी म्हणून वापरायची? तर ब्राह्मणपुरीत एका डॉक्टरांकडे फोनो होता, तिथं रविवारी संध्याकाळी प्लेट फडक्यात गुंडाळून न्यायची. डॉक्टर प्लेट लावू देत, पण सुया मोजून ठेवत. पोलादी सुई एका बाजूला एक खर्ची पडते, दुसऱ्यांदा वापरली तर प्लेटीचा चर कुरतडते. एकदा सुया संपल्या होत्या तर डॉक्टरांच्या बायकोनं परसातल्या बाभळीचा काटा तासून लावला. आवाज बारीक झाला, पण मऊ आला. “लोण्यासारखा,” अण्णा म्हणत. फोनो त्यांनी स्वतः घेतला तो 1941मध्ये. चार वर्षं प्लेट आधी, पेटी मागाहून.

याच गाण्याची दुसरी गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. गदगच्या बाजूच्या एका पोरानं ही तबकडी ऐकली आणि असं गाणं आपल्याला यायलाच पाहिजे म्हणून घर सोडलं. तो पोरगा पुढं खाँसाहेबांच्या शिष्याचा, सवाई गंधर्वांचा, शिष्य झाला, आणि गुरूच्या नावानं 1953पासून पुण्यात महोत्सव भरू लागला. भीमसेन जोशींचं नाव निघालं की अण्णा म्हणत, “एकाच प्लेटीनं त्यानं घर सोडलं. मी सांगलीहून परतीचं तिकीट काढून घरी आलो.”

आता पूर. अण्णांची बदली पुण्याला झाली होती. नारायण पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावर बिऱ्हाड, जिन्याखाली लाकडी खोका, त्यात सत्तरेक प्लेटी. 12 जुलै 1961, बुधवार. पानशेतचं धरण फुटलं. त्या दिवसाच्या आमच्या घरात दोन आवृत्त्या आहेत. काका म्हणतो, पाणी गल्लीत शिरल्यावर खोका त्यानं उचलला आणि दुसऱ्या पायरीवर असताना सुटला. आत्या म्हणते, काकानं स्वतःची सायकल तेवढी वर नेली, खोक्याला कुणी हातच लावला नाही. साठ वर्षं झाली, दोघं अजून यावर भांडतात. मला आत्याचं पटतं, कारण सायकल नंतर बरीच वर्षं चालत होती.

चिखल ओसरल्यावर खोका सापडला. तबकडी लाखेची असते, पाण्यानं लगेच विरघळत नाही. तिच्या मधलं कागदी लेबल मात्र सुटून जातं. हौदावर धुतलेल्या प्लेटी गच्चीत पापडांसारख्या मांडल्या, तर त्या सगळ्या सारख्याच. काळ्या, गोल, निनावी. ऊन लागलं असतं तर वाकड्या झाल्या असत्या, पण जुलैचं आभाळ होतं. एक्केचाळीस वाचल्या. फोनो बुधवार पेठेतून दुरुस्त होऊन यायला दोन महिने लागले, आणि मग रोज संध्याकाळी ओळखपरेड. प्लेट लावायची, अण्णा डोळे मिटून ऐकणार, नाव सांगणार, आत्या मध्यभागी पांढऱ्या ऑइलपेंटनं आकडा घालणार आणि वहीत लिहिणार. त्यांतली एक फार जुनी, अण्णांनी कुणाकडून तरी जुनीच घेतलेली होती. गाणं संपलं आणि प्लेटीतली बाई इंग्रजीत स्वतःचं नाव बोलली, की मी गौहर जान. आत्या चौदा वर्षांची. ती हसून हसून आडवी झाली. अख्ख्या खोक्यात एकच शहाणी निघाली म्हणाली, पूर येणार हे हिला आधीच माहीत होतं.

गौहर जान असं का बोलली, हे मला पुष्कळ वर्षांनी एका सीडीच्या पुस्तिकेत सापडलं. 1902मध्ये फ्रेड गेसबर्ग नावाचा माणूस यंत्रं घेऊन लंडनहून कलकत्त्याला आला आणि त्यानं काही आठवड्यांत पाचशेहून अधिक गाणी मेणाच्या थाळ्यांवर उतरवली. मेणाचे ते ठसे बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरला जात, तबकड्या तिथं छापून परत येत. छापणाऱ्या जर्मन माणसाला ठुमरी कुणाची आणि भजन कुणाचं हे कळणार कसं? म्हणून गाणाऱ्यानं शेवटी नाव पुकारायचं, म्हणजे लेबल चुकणार नाही. पुराच्या पाण्यात लेबलं गेली तेव्हा ती पुकार नारायण पेठेत दुसऱ्यांदा कामी आली.

झिंझोटीची प्लेट वाचली, पण तिला तडा गेला होता, कडेपासून मधल्या लेबलाच्या जागेपर्यंत. लागायची मात्र. सुई दर फेऱ्याला तड्यावरून जाई आणि टक वाजे. मिनिटाला 78 फेरे, मिनिटाला 78 टका. सव्वातीन मिनिटांचं गाणं आणि त्याच्या खाली हे घड्याळ. अण्णांनी दुसरी प्लेट घेतली नाही. काकानं 1983 साली कोरी कॅसेट आणून फोनोच्या तोंडाशी टेपरेकॉर्डर ठेवला आणि ते गाणं टकेसकट उतरवून घेतलं. त्या कोऱ्या कॅसेटचं बिलही अण्णांच्या तारेत आहे. पुढच्या वर्षी वाडा पडला आणि प्लेटी, फोनो, सगळं जुन्या सामानवाल्यानं नेलं. “कॅसेट आहे की आता,” असं अण्णाच म्हणाले.

मी झिंझोटी ऐकत मोठी झाले ती या कॅसेटवर. बरीच वर्षं मला वाटायचं की टक हा त्या गाण्यातल्याच कुठल्यातरी वाद्याचा आवाज आहे.

1997च्या मेमध्ये मी मुंबईला मनीष मार्केटमध्ये घासाघीस करून सीडी प्लेअर घेतला. बिल मिळालं नाही. तिथं मागायची पद्धत नव्हती. काका टेलिफोन खात्यातला, त्याला असली यंत्रं उकलून सांगायची हौस. त्यानं अण्णांना समजावलं की ह्यात आवाज नसतोच, आकडे असतात. सेकंदाला 44,100 वेळा आवाज मोजायचा आणि ती मापं बारीक खड्ड्यांच्या रूपानं कोरून ठेवायची. खड्ड्यांची ती रेघ सुटी करून ओढली तर पाच किलोमीटरच्या वर भरेल. अण्णा म्हणाले, “म्हणजे पाढेच की हे.” काका म्हणाला, आणि ती रेघ बाहेरून आत जात नाही, आतून बाहेर येते. हे अण्णांना फार आवडलं. गाभाऱ्यातून निघून सभामंडपात यायचं.

मग गाणं लागलं. खाँसाहेबांचा तो अणकुचीदार, किंचित नाकातला, पाण्यासारखा आवाज इतका जवळ मी कधी ऐकला नव्हता. तंबोरा दिसायला लागला. काका विजयी मुद्रेनं आमच्याकडे बघत होता. अण्णांनी डोळे मिटले होते. मिनिटभरानं उघडले आणि माझ्याकडे बघून विचारलं, “टक कुठं गेली?”

काका चिडला. त्यानं पुन्हा पहिल्यापासून लावलं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं, छान आहे म्हणाले, आणि उठून गेले. मी तिथंच बसून राहिले, कारण तोच प्रश्न मलाही पडला होता आणि मी तो काकासमोर विचारला नव्हता.

पण म्हणून मी सीडी घ्यायच्या थांबले नाही. उलट पुढची दहा वर्षं दुसरं काही केलंच नाही म्हणा. कर्वे रोडवर अलूरकरांचं दुकान होतं, तिथं तासभर काढावा. अलूरकर नुसते विकणारे नव्हते, त्यांनी स्वतः मोठमोठ्या गवयांची गाणी ध्वनिमुद्रित करून काढली होती, त्यामुळे दुकानात गिऱ्हाइकाला आधी थोडं घाबरायलाच व्हायचं. मुंबईत काम निघालं की डेक्कन क्वीननं जायचं आणि काम आटोपून काळ्या घोड्याला ऱ्हिदम हाऊस गाठायचं. सीडी चाळायलाही एक ताल असतो. दोन बोटांनी एकेक डबी पुढं ढकलायची, टप टप टप, आणि हवं ते नाव डोळ्याला लागलं की बोट आपोआप थांबतं. मावसभाऊ न्यू जर्सीला. तो येताना घरच्यांसाठी बदाम आणायचा आणि माझ्यासाठी ब्रिटनमधल्या निंबसनं किंवा लंडनच्या नवरसनं काढलेल्या सीडी, ज्यात राग पाऊण तास, तास सलग वाहायचा. अण्णांना याचं नवल वाटे. त्यांच्या पिढीनं राग सव्वातीन मिनिटांत ऐकला होता. गवयांनी तेवढ्यात चीज मांडून, ताना घेऊन, सम गाठून दाखवली होती. “आता वेळ आहे म्हटल्यावर बसतात आलाप करत,” असं ते पुटपुटत. मला ते पटत नसे. अजूनही नाही. पण मुद्रणाच्या वेळेनं गाणं घडवलं, हे त्यांनी ज्या सहजतेनं ओळखलं होतं तसं मी कुठल्या जाड पुस्तकातही वाचलेलं नाही.

मावसभावानं एकदा केसरबाई केरकरांची सीडी आणली. पुस्तिकेत होतं की 1977मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर यानांतून पृथ्वीवरचं संगीत सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्यांवर पाठवलं, त्यात गोव्याच्या केरी गावच्या या बाईंची भैरवी आहे. मी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “सुई पाठवली का?”

“हो अण्णा. सुईसकट पाठवली आहे.”

“शहाणे आहेत. नाहीतर नुसती प्लेट घेऊन काय करतील बिचारे.”

सीडी गोळा करणाऱ्याची एक हाव असते आणि ती गाण्याशी फारशी संबंधित नसते. माझ्याकडे शेवटी 412 झाल्या. त्यांतल्या निदान चाळीसांचं वरचं पातळ वेष्टणही मी कधी फोडलं नाही. मारवा हा राग सहा जणांचा होता. सहापैकी तीन जणांचा मारवा मी आजही डोळे मिटून ओळखू शकणार नाही. अण्णांनी चिखलातल्या एक्केचाळीस ओळखल्या होत्या. हा हिशेब मनात आला की मी कपाटाचं दार लावून घेते.

1999मध्ये मला सुबुद्धी झाली आणि अण्णांसमोर टेपरेकॉर्डर ठेवून मी त्यांच्याकडून सगळं पुन्हा सांगून घेतलं. मिरज, डॉक्टरांच्या सुया, सिंगपेरुमलकोईल, पूर. दीड तासाची कॅसेट. मध्येच आत्या स्वयंपाकघरातून ओरडते, “सायकल! सायकल सांगा त्यांची!” 2001मध्ये अण्णा गेले. दोन वर्षांनी मी ती कॅसेट आणि काकाची झिंझोटीची कॅसेट अशा दोन्ही एका दुकानात दिल्या. तेव्हा गल्लोगल्ली पाट्या लागल्या होत्या, जुन्या कॅसेट सीडीवर करून मिळतील, आयुष्यभर टिकतील. आठवड्यानं दोन सीडी मिळाल्या, वर मार्करनं नाव लिहिलेल्या. घरी आणून झिंझोटी लावली. टक नाही. दुकानात परत गेले तर पोरगा कौतुकानं म्हणाला, “मॅडम, फार नॉइज होता. सॉफ्टवेअरनं पूर्ण काढून टाकला.” मूळ कॅसेट? त्यांच्या पट्ट्यांना बुरशी होती म्हणून टाकल्या. असं करतात का, म्हणून मी तिथं खूप बोलले. तो बिचारा तरुण होता, त्याच्या लेखी त्यानं माझ्यावर उपकारच केला होता.

पुढचं जास्त वाईट. कारखान्यात छापलेल्या सीडीत खड्डे ठशानं उमटवलेले असतात. घरी किंवा दुकानात लिहिलेल्या सीडीत खड्डे नसतातच, रंगाचा एक थर असतो आणि किरणानं तो जागोजागी डागायचा असतो. हा रंग उजेडानं, उकाड्यानं विटतो. अण्णांची सीडी 2012च्या दिवाळीत लावली तेव्हा प्लेअर ती आत घेऊन घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ आलं. डिस्क आत होती. मी ती चार यंत्रांत घालून बघितली. टूथपेस्ट लावून पुसली, मऊ फडक्यानं आतून बाहेर, लोक सांगतात तसं. तबकडी म्हातारी होते, खरखरते, टक टक करते, पण शेवटपर्यंत काहीतरी बोलते. ही एका दिवसात मुकी झाली. तेव्हा अण्णांच्या तोंडची जी वाक्यं मी वर लिहिली आहेत ती माझ्या कानातून आली आहेत, सीडीतून नाही. त्यांत माझी भर किती, हे तपासायला आता जागा नाही.

हॅनोव्हरचं राहिलं. 2006च्या एप्रिलमध्ये तिथल्या औद्योगिक जत्रेत भारत भागीदार देश होता आणि भोसरीच्या आमच्या कंपनीनं मला स्टॉलवर उभं राहायला पाठवलं. पाच दिवस व्हॉल्व्हबद्दल बोलले आणि परत आले. विमानतळ गावाबाहेर आहे, लांगेनहागेन नावाच्या उपनगरात, तिथं तीन तास बसून मी कॉफी प्यायले. परत आल्यावर काही महिन्यांनी वाचण्यात आलं की जगातल्या पहिल्या विक्रीच्या सीडी 17 ऑगस्ट 1982ला छापल्या त्या याच लांगेनहागेनमध्ये, ‘आबा’ या स्वीडिश चमूच्या गाण्यांच्या. सपाट तबकडी शोधून काढणारा एमिल बर्लिनर जन्मला हॅनोव्हरमध्ये. 1898मध्ये भावाबरोबर त्यानं तिथं तबकड्यांचा कारखाना काढला. गौहर जानच्या तबकड्या त्या गावात छापल्या. आणि त्याच कारखान्याच्या वारसांनी चौऱ्याऐंशी वर्षांनी लागूनच्या गावात सीडी छापायला घेतली. मी कॉफी पीत होते तिथून तो कारखाना किती लांब असेल, याचा नकाशा मी नंतर उगीचच बघत बसले. अण्णा असते तर त्यांनी तिथल्या बुकिंग क्लार्कची चौकशी केली असती.

2016च्या फेब्रुवारीअखेर ऱ्हिदम हाऊस बंद झालं. शेवटच्या आठवड्यात मी गेले होते. गर्दी इतकी की नेहमी असती तर दुकान बंद पडलं नसतं. लोक रिकामे रॅक धरून फोटो काढत होते. मी काही घेतलं नाही. प्लेअर तोवर बिघडला होता आणि दुरुस्त करणारा म्हणाला होता की किरणाचा डोळा आता मिळत नाही. 412 सीडी आहेत, वाजवायला काही नाही. भाचीनं फोनवर झिंझोटी काढून दिली, अर्ध्या मिनिटात, फुकट. चांगली स्वच्छ होती.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी जुन्या बाजारात गेले होते, खरं तर पितळी कडीसाठी. नळाच्या तोट्या आणि बंद घड्याळांच्या मध्ये एकानं तबकड्यांची चळत मांडली होती, शेजारी भोंग्याचा फोनो. चळत चाळायला लागले. टप टप टप. नवव्या की दहाव्या जागी बोट थांबलं. खाँसाहेब, झिंझोटी. लेबल शाबूत.

“एकदम ओरिजिनल आहे ताई,” म्हातारा म्हणाला. “कुठं टवका नाही. लावून दाखवतो.”

त्यानं किल्ली भरली, सुई टेकवली. शेजारी कुणी ड्रिल मशीन चालू करून दाखवत होता, रिक्षांचे हॉर्न होते, तरी त्या सगळ्यातून आवाज वर आला. खरखर भरपूर होती. तडा नव्हता. मी उकिडवी बसले होते, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की माझं बोट गुडघ्यावर वाजतंय, फेऱ्याला एकदा, फेऱ्याला एकदा. म्हातारा बोटाकडे बघत होता. त्याला वाटलं असावं, बाई ताल धरतेय.

सहाशेला दिली. मी बिल मागितलं. तो आधी हसला, मग ज्या वर्तमानपत्रात प्लेट गुंडाळत होता त्याच्या कोपऱ्यावर पेनानं लिहून दिलं, 600, आणि खाली सही केली. तो कोपरा मी फाडून तारेत ओवला आहे. फोनो अजून घेतलेला नाही.